चांदाचं वळण

तुम्ही रस्ता झाडला नाहीत. पुढचं सगळं त्यातून आलं, म्हणून आधी तेच तुमच्या तोंडावर सांगतो. जुन्या डांबरावर धूळ होती, गाड्यांच्या चाकांनी आणलेला शेतातला वाळलेला चिखल होता, आणि त्याच्यावरच तुम्ही नवा थर अंथरलात. दोन थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून मध्ये पातळ डांबर मारायचं असतं, तेही मारलं नाहीत. त्याचं भरलेलं पिंप माझ्या दुकानामागच्या घाणेरीच्या जाळीत लोटून दिलंत, रोलर फिरवलात, पांढरे पट्टे ओढलेत आणि निघून गेलात.

माझं नाव सखा. हमरस्ता सोडून रोह्याकडे वळलं की पुढे एक मोरी लागते आणि मोरीच्या तोंडाशीच वळण. त्या वळणावर माझं पंक्चरचं दुकान आहे. रस्ता तुमच्या खात्याने दिवाळीनंतर केला. शिमग्याला तो फाटला होता.

भेगा आम्हाला नव्या नाहीत. आम्ही त्यांना नावंही देत नाही. नावं दिली ती अय्यूबने. अय्यूब माझ्याच गावचा, माझ्याच वर्गातला. बरीच वर्षं कुवेतला रस्त्याच्या कामावर, डांबर अंथरायच्या मशीनवर ऑपरेटर. रमजानला सुट्टीवर आला की गावभर तोंड सुरू. आमच्या कुवेतला असं, आमच्या कुवेतला तसं. माझी बायको मालू त्याला बघितलं की म्हणायची, "आले गो बाय कुवेतवाले. आता रस्त्याला अत्तर लावतील."

या खेपेला तो दुकानासमोर उतरला आणि माझ्याकडे न येता वळणावर उकिडवा बसला. हसायलाच लागला.

"सख्या, आमी तिकडं आभाळाकडं बघून माना मोडून घेतो. तुमच्याकडं चांद रस्त्यावरच दिसतो की! चल, ईद कर."

मी जाऊन बघितलं. खरंच चंद्रकोरीच होत्या. एकामागे एक, सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या. वळणावर गाड्या ब्रेक मारतात तिथेच.

"उन्हानं पडल्या असतील," मी म्हणालो.

"उन्हानं नाय, पावसानं नाय. झाडूनं पडल्या."

"झाडूनं?"

"न मारलेल्या झाडूनं." त्याने एका कोरीखाली बोटं घातली आणि डांबराचा थर उचलला. भाकरीचा पापुद्रा निघावा तसा निघाला. खाली कोरडी पिवळी माती. "ब्रेक मारला की चाक रस्ता पुढं ढकलतं. खाली धरून ठेवणारं काय नाय, मग वरचा थर सरकतो आणि फाटतो. हा रस्ता नाय रे, सतरंजी हाय. फरशीवर टाकलेली."

मग मला हाताला धरून त्याने सगळं वळण दाखवलं. कडेची लांब भेग दाखवली आणि म्हणाला, साइडपट्टीच भरली नाय तर कडेला धरणार कोण? पण ही भेग गरीब हाय, साफ करून गरम डांबर ओतलं की वर्ष काढते. मोरीच्या अलीकडे बारीक चौकड्यांची जाळी पडली होती, तिथे तो चप्पल आपटत म्हणाला, "ही मगरीची पाठ. हिच्या वरून काय भरू नको. खालची खडीच मेलीय, पाणी मुरलंय आत. पूर्ण खणून तळापासून भरायला लागतं. आणि चांद म्हंजे, जिथवर थर सुटलाय तिथवर कापून काढायचा, झाडायचं, डांबर मारायचं, भरायचं. दुसरा इलाज नाय."

पुढच्या आठवड्यात तुमच्या खात्याचे साहेब आले, ऋत्विक म्हणून. पोरसवदा, टोपी घातलेले. अय्यूबने त्यांना गाठलंच.

"साहेब, हे चांद बघितलेत?"

"बघितले," साहेब म्हणाले. "थर सुटलाय. मध्ये टॅक कोटच नाहीये, ते पातळ डांबर."

अय्यूबचं तोंड बघण्यासारखं झालं. भाषण तयार ठेवलं होतं त्याने, ते तोंडातच राहिलं. "मग कापून काढा की."

"वर कळवलंय."

"वर म्हंजे? चांदावर?"

साहेबही हसले. मग टोपी काढून कपाळ पुसत म्हणाले, "काका, हा रस्ता चांगला झालाय, सगळं डांबर रस्त्यात वापरलंय, असं लिहिलेलं आहे. चांगल्या रस्त्याला दुरुस्ती मंजूर होत नाही. मला सगळं कळतं. कळून काय करू ते तुम्हीच सांगा."

साहेब गाडीत बसले. जाताना त्यांच्या ड्रायव्हरने वळणावर गाडी हळू केली, चांद चुकवून घेतली.

आता कळलं ना? अज्ञान कुठेच नव्हतं. अय्यूबला माहीत होतं, साहेबाला माहीत होतं, साहेबाच्या ड्रायव्हरलाही माहीत होतं.

माझी मुलगी सुरभी रोह्याला कंपनीत पॅकिंगला जायची. फर्स्ट शिफ्ट असली की उजाडायच्या आत स्कूटी घेऊन याच वळणावरून. ईद झाली. शीरखुर्मा द्यायला अय्यूब घरी आला तेव्हा सुरभी म्हणाली, "चाचा, काल त्या तुमच्या चांदावर गाडी हलली माझी."

अय्यूबने वाटी खाली ठेवली. "सख्या, पोरगी रोज जाते यावरनं?"

"जाते."

"मग बसलायस काय?"

त्याच्या बायकोने, आमनाभाभीने, घरी त्याला अडवून बघितलं. मी अंगणात उभा होतो, सगळं ऐकलं. "तुमी चार दिसांचे पाव्हणे. कशाला हात घालताय? उद्या कोण पडलं तर तुमच्या नावानं बोंब हुईल."

"अगो, रस्ता हाय तो. बॉम्ब नाय."

सामान आम्ही आणलं नाही. सामान तुमचंच पडलं होतं. घाणेरीतलं ते पिंप, आणि मोरीपाशी टाकून दिलेला बारीक खडीचा ढीग. अय्यूबने पिंपाचं तोंड उघडलं, काठी बुडवून वास घेतला आणि म्हणाला, "हे बघ. रस्त्याखाली जायचं ते इथं झोपलंय." दुपारच्या उन्हात आम्ही चौकोन कापला, पार सुटलेल्या कडेच्या पलीकडून. मी खालचं झाडलं. मग मालूने दुसऱ्यांदा झाडलं, कारण अय्यूबला माझं झाडणं पटेना. "भाभी, घरात पाव्हणे येणार असल्यागत झाडा!" मालू म्हणाली, "पाव्हणे आले नि गेले, तेव्हाच झाडायला पायजे होतं." पातळ डांबर मारलं, ते तपकिरीचं काळं होईपर्यंत थांबलो, खडी डांबरात कालवून भरली, धुम्मसाने ठोकली. विटांनी भरलेला एक टेम्पो थांबवून त्यावरून पुढे-मागे नेला. टेम्पोवाला म्हणाला, "काय, पूजा घातलीय काय रस्त्याची?"

मग खडी संपली. मोरीकडचे दोन चांद राहिले. तिथे मी जुना टायर ठेवला आणि त्यात निरगुडीची फांदी उभी केली. लांबून दिसेल अशी.

सुरभी पडली त्या सकाळी टायर गटारात होता. कुणी टाकला ते मी बघितलं नाही. आदल्या दिवशी तुमची पाहणीची गाडी येऊन गेली होती, एवढं बघितलं.

मी शटर वर करत होतो. समोरून डंपर आला, तिने ब्रेक मारला, आणि मोरीकडच्या चांदाचा पापुद्रा स्कूटीच्या चाकाखालून निघून गेला. मी धावलो. ती उजवा हात पोटाशी धरून बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "पप्पा, मी नाय घसरले. रस्ता सरकला."

हात दोन वेळा उघडून आत पट्टी बसवली. मनगट वळत नाही, बोटं पूर्ण मिटत नाहीत. पॅकिंगला दोन्ही हात लागतात. कंपनीने गोड बोलून घरी बसवली.

आणि तेव्हा, बरोबर तेव्हा, तुम्हाला तो रस्ता आठवला. पंचनामा झाला. त्यात चांद नव्हते. त्यात अय्यूबचा पॅच होता. अनधिकृत इसमाने सरकारी रस्त्यात छेडछाड केली, त्यामुळे अपघात झाला. मला चौकीत बोलावलं, तक्रारीवर सही करायला.

"पोरगी पॅचवर पडलीच नाय," मी म्हणालो. "पुढं पडली, मोरीकडं. तिला विचारा."

हवालदार म्हणाले, "पंचनाम्यात पॅच हाय."

"मग माझं पण नाव घाला. धुम्मस माझ्या हातात होतं."

"पोरीचा बाप आरोपी दाखवू? डोकं फिरलंय का तुमचं?"

"माझ्या बायकोचं घाला. झाडू तिनं मारला."

"ओ, चेष्टा करू नका हितं."

मी चेष्टा करत नव्हतो. त्या सबंध रस्त्यावर नीट झाडू एकदाच मारला गेला, तो माझ्या बायकोने. सही मी केली नाही. माझ्या सहीवाचूनही गुन्हा दाखल झाला. त्यात अजून एक कलम वाढलं: सरकारी डांबराची चोरी.

अय्यूब जामिनावर सुटला, पण पासपोर्ट जमा. तो परत गेला तरच त्याचं घर चालणार होतं, हे पेणपासून रोह्यापर्यंत ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं, चौकीलाही. रजा संपली. कंपनीने फोन केले, मग फोन बंद केले, मग त्याच्या मशीनवर दुसरा माणूस बसवला. अय्यूब आता माझ्या दुकानात येऊन बसतो. कुवेतचं नाव काढत नाही. मी मुद्दाम डिवचतो, "तुमच्या कुवेतला पंक्चर कसं काढतात रे?" तो म्हणतो, "जसं काढतोस तसं." सुरभी चहा घेऊन येते, डाव्या हाताने. तो कप घेताना तिच्याकडे बघत नाही. ती म्हणते, "चाचा, तुमचा पॅच मजबूत हाय, मी रोज बघते." तो कपात बघतो.

बकरी ईदचा चांद दिसला तेव्हा मालूने नेहमीसारखी कुंपणावरून हाक मारली, "भाभी, चांद झाला गो!" आमनाभाभी आत निघून गेली. दार लावलं.

परवा तुमची माणसं पॅच काढायला आली. अनधिकृत म्हणून. बाजूचा तुमचा रस्ता त्यांच्या बुटाच्या टोकाने निघत होता. पॅच पहारीने निघेना. शेवटी डांबर फोडायचा ब्रेकर मागवला. अय्यूब माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून बघत होता. ब्रेकर चालवणारा दमून पाणी प्यायला आला, घाम पुसत म्हणाला, "कुणी केलं हो हे काम? लय चांगलं केलंय." अय्यूबने त्याला तांब्या भरून दिला.

आता तिथे खड्डा आहे. भरायला कुणी येणार नाही, कारण रस्ता चांगला आहे. मी टायर ठेवलेला नाही. ठेवला तर उद्या माझ्यावर कलम.

दया नको, भरपाईचं भाषण नको. एकच विचारतो, आणि याच वळणावर उभं राहून उत्तर द्या. तुम्ही लिहून ठेवलंय की त्या पिंपातलं डांबर रस्त्याखाली गेलं. मग अय्यूबने चोरलं ते काय? आणि तुम्हीच म्हणता की ते अय्यूबने चोरलं. मग रस्त्याखाली आहे ते काय?

बोला.