रांगेत न बसणारं शेपूट

ऑफिसात कुणाची फाइल उघडेना झाली की लोक तिच्याकडे धाव घेत, आणि ती चुटकीसरशी उघडून देई. सख्ख्या बापाची ईमेल मात्र तिला काही केल्या दाद देत नव्हती. जोडलेल्या फोटोवर बोट ठेवावं, तर नुसता राखाडी चौकोन आणि खाली कोरडी ओळ: फाइल उघडता येत नाही. ती कळवायची, 'पुन्हा पाठवा.' बाबा इमानेइतबारे पुन्हा तेच पाठवायचे.

आईच्या घशाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. स्वरयंत्रच काढावं लागलं. आई वाचली, पण आवाज कायमचा गेला. डॉक्टरांनी तारीख अचानक अलीकडे आणली, त्यामुळे लेकीला वेळेत पोचता आलं नाही. आदल्या संध्याकाळी फोनवर दोघी नुसत्या रडल्या आणि बोलायचं ते राहूनच गेलं. ते तिला आतल्या आत खात होतं. त्यात बाबांचा हा फोटो.

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा बाजूला सारून फोन लावला.

"बाबा, आहे तरी कसला फोटो?"

"उघड म्हणजे कळेल. तुझ्या आईने सांगायचं नाही म्हणून बजावलंय. रोज पाटीवर लिहून विचारते, तिचं उत्तर आलं का."

"अहो, उघडतच नाही तर उत्तर काय देऊ, कपाळ? फाइल बिघडलीय. टाका काढून ती, आणि दुसरा फोटो काढून पाठवा."

"काढून टाकू म्हणतेस?"

पलीकडून टेबलावर धाडधाड थापा पडल्या. बाबा दबकत म्हणाले, "आई नको म्हणतेय. दुसरा आता काढता येणार नाही, बाळा."

असा कुठला फोटो, जो पुन्हा काढता येणार नाही? तिने कॉम्प्युटरवर ती ईमेल उघडली आणि पहिल्यांदाच नीट पाहिली. फाइल चांगलीच वजनदार होती. फोटो इतका जड नसतो.

"बाबा, खरं सांगा. याच्या नावात काही बदल केलात?"

जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस तो. एक अक्षर रेघेच्या बाहेर गेलं तर त्याला घास उतरत नसे. मोठ्या अभिमानाने म्हणाले, "नाव नाही बदललं, शेपूट बदललं. माझ्या फोटोंची रांग बघ, सगळ्यांच्या नावापुढे टिंब आणि जेपीजी. या एकाचंच भलतं काहीतरी. डोळ्यांत खुपत होतं, म्हणून सारखं करून टाकलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का? म्हटलं, नक्की."

हसावं की डोकं आपटावं, तिला कळेना. "बाबा, ते शेपूट बघूनच फाइल कशात उघडायची ते ठरतं हो! काय होतं आधी? एम-फोर-ए?"

"असंच काहीसं."

म्हणजे आवाज. तिने शेपूट होतं तसं केलं आणि फाइल उघडली.

"चालू झालं का हो?" आई. घसा बसलेला, तरी आईच. "हं. ठमे, उद्यापासून मला ओरडता यायचं नाही, म्हणून आत्ताच ओरडून घेते. वेळेवर जेवत जा. बाबांवर चिडू नकोस, नीटनेटकेपणा हा त्यांचा आजारच आहे. आणि ऐक, तुला हाका मारून ठेवते. लागेल तशी घे. ही सकाळी उठवायची: ठमेऽ, ए ठमे! ही रागावल्याची: ठमेऽऽ! ही बरं नसेल तेव्हाची: ठमू... ठमूडी..."

ठमी म्हणून तिला जगात दुसरं कुणीच हाक मारत नसे. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघत होती. बघेनात का! डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ध्वनिफितीत शेवटची हाक आली, अंगणातून घरात बोलवायची, लांबलचक. मग शांतता. लहानपणी ओ दिल्याशिवाय आई हाका थांबवत नसे.

फोन अजून चालूच होता. ती फोनवर ओणवली आणि मोठ्याने म्हणाली, "ओ, आई! ओ!"

पलीकडे टेबलावर एक थाप पडली, हलकी. मग कितीतरी वेळ थापा पडतच राहिल्या.