टेबलावरची खाच

"बाही पुन्हा आखूडच," शाळेतल्या बाई आरशाकडे बघून पुटपुटल्या. पण दुकान ते केवढं! ताईच्या कानावर गेलंच.

"शिवणीत गेली असेल," ताई म्हणाली आणि मशीनवरच्या धाकट्या भावावर तिनं डोळे वटारले. "आत दुमडायची माया जास्त दाबतोस तू."

भाऊ वळला. वळला म्हणजे कमरेपासून अख्खा वळला; त्याची मान एकटी कधीच वळत नसे. "असेल," एवढंच बोलला.

कोट ठेवून बाई गेल्या.

या दुकानात बाही कधी टेपनं मापलीच नाही. ताई वयात आली तेव्हा वडिलांनी बेतायच्या टेबलाच्या काठावर तिचा पंजा ताणून ठेवला आणि अंगठ्याशी, करंगळीशी पटाशीनं एकेक खाच पाडली. "ही आपली पट्टी. हरवायची नाही की झिजायची नाही." टेप खिळ्यावर लटकला तो लटकलाच. ताईची वीत कापडावरून सुरवंटासारखी टुणटुण पळायची आणि धाकटा टेबलाखाली बसून खडूचे तुकडे झेलायचा. गिऱ्हाईक कोटासाठी यायचं आणि बघत उभं राहायचं.

मग ताईची बोटं सुजली, पुढं वाकडी होत गेली. धाकट्याची पाठ धरली. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. हाड म्हणजे काही दगड नव्हे. तिथं पाडणारे आणि बांधणारे कायम कामाला असतात, आणि निरोप येईल तसे वागतात. ताईच्या सांध्यातली सूज पाडणाऱ्यांना म्हणते 'या', बांधणाऱ्यांना म्हणते 'थांबा'. भावाच्या पाठीत मात्र नको तिथं बांधा असा निरोप जातो, म्हणून मणके एकमेकांना चिकटतात.

"म्हणजे मी उसवतेय आणि हा न सांगता शिवत सुटलाय," ताई म्हणाली होती. "दुकानातही हेच चालतं."

डॉक्टरीणबाई हसल्या. औषधानं निरोप अडवता येतात, म्हणाल्या. गेलेलं हाड मात्र सहसा परत येत नाही. घरी येताना दोघं हवापाण्यावरच बोलली.

आता ताईनं कोटाची बाही उसवली. सोडायला आत काहीच नव्हतं. टीप अगदी काठावरून, दोऱ्याच्या जाडीएवढं कापड राखून मारलेली. तिनं खुंटीवरचा दुसरा कोट उलटा केला, मग तिसरा. सगळीकडे तेच.

"एवढी कंजुषी कधी शिकलास रे?"

मशीन थांबलं.

ताईनं अंगठा जुन्या खाचेत टेकवला आणि पंजा ताणला. खूप ताणला. करंगळी दुसऱ्या खाचेच्या अलीकडेच अडली, एका बाजूला कलून.

भाऊ उठला, अख्खा वळला, खिळ्यावरचा टेप काढून त्यावरची धूळ त्यानं आपल्या बाहीला पुसली आणि तो तिच्या हाताशेजारी ठेवला.

"वीत आखूड झालीये, ताई," तो म्हणाला. "कधीचीच."