हेळ्याप्पाचं पोरगं

मी वडगावच्या विणकर गल्लीतला फळा बोलतोय. इतकी वर्षं तुमच्या बोलण्याला कान दिलेत, आज थोडं माझंही ऐका.

माझं लाकूड खानापूरच्या रानातलं. बेळगावात सुताराकडं मला रंधा लागला, काळा रंग चढला, आणि गल्लीच्या तरुण मंडळानं मला मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर खिळे मारून ठोकलं. तेव्हापासून मी इथंच. समोरची गल्ली सोडून मी जग पाहिलेलं नाही. माझ्या नशिबी बातम्या तरी कसल्या? रॉकेल आलं, नळ बंद, अमक्याच्या आईचं दहावं. लिहायचं, पुसायचं. पण पुसून घेणं ही आमची अंघोळ. ती झाली की आमचा नवा दिवस सुरू होतो.

अठ्ठ्याहत्तर सालच्या सुमारास माझ्यावर जयवंताचं अक्षर उमटू लागलं. कॉलेजात जाणारी गल्लीतली ती पहिलीच पोरगी. अक्षर मोत्यासारखं, म्हणून मंडळाच्या नागोजीअण्णांनी फुटबॉलच्या सामन्यांच्या बातम्या लिहायचं काम तिला दिलं. फुटबॉलचं वेड इथं दांडगं, त्यात आमच्या गल्लीत परसू होता.

परसू आठवडाभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून साडी विणायचा. त्या खोलीत उन्हाची तिरीपसुद्धा येत नसे. तेच पाय रविवारी बेळगावच्या कॅम्पातल्या मैदानावर सुटले की कुणाच्या बापाला आवरत नसत. जयवंताचा त्याच्यावर जीव होता. हे मी सांगतोय, तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. तिनं एवढंच केलं, सामन्याच्या बातमीखाली परसूची एक गोष्ट लिहायला घेतली.

गोष्टीतला परसू सूर्याचा मुलगा होता, चुकून मागाच्या खड्ड्यात जन्मलेला. बापाला शोधत तो पूर्वेच्या महालात जातो आणि एक दिवस रथ हाकायला मागतो. रथाचे चार घोडे म्हणजे आमच्या संघाचे चार फॉरवर्ड, आणि चेंडू म्हणजे सूर्यबिंब! ग्रीक लोकांच्या पुराणातली ही कथा जयवंतानं कॅम्पातल्या शाळेत मिसकडून ऐकली होती. सूर्याचा मुलगा आपल्याकडंही आहे, कर्ण. पण कर्णाचं पुढं काय होतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. ग्रीकांच्या पोराचं काय होतं ते गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि जयवंताला ते कुणाला कळूही द्यायचं नव्हतं.

सूर्याचं नाव तिनं ग्रीकांचंच ठेवलं, हेलिओस. नागोजीअण्णांनी मोठ्यानं वाचलं, "हेळीओस." कानडीत हेळी म्हणजे सांगा. झालं! "सांगणारा देव हाय ह्यो," म्हणत गल्लीनं त्याचा हेळ्याप्पा करून टाकला. आता सांगणाऱ्या देवाच्या फळ्यावर आलेलं खोटं कसं असेल? जयवंतानं लिहावं 'रथ उधळला' आणि रविवारी परसूनं दोन गोल मारावेत. योगायोग सगळा. पण सामन्याच्या दिवशी बायका मला हळदकुंकू वाहू लागल्या.

आणि मग फायनलच्या आधीच्या सामन्यात परसूचा गुडघा फिरला. डॉक्टर म्हणाले, खेळ बंद कर, नाहीतर माग चालवायलाही पाय राहणार नाही. नागोजीअण्णा हसले. "हेळ्याप्पाचं पोरगं हाय त्ये. त्याच्या गुडघ्याला काय हुतंय? फायनल खेळणार!"

दुसऱ्या दिवशी जयवंता लिहायला आली, तेव्हा परसू भिंत धरत धरत माझ्यापाशी आला.

"जयवंता, त्या पोराचं पुढं काय हुतंय गं?"

ती हातातला खडू चोळत राहिली. "घोडी आवरत न्हाईत त्याला. पडतोय रथातनं. मरतोय."

"मग पाड की मला."

"परसू!"

"मारू नगंस. नुसतं पाड. खाली उतरलो म्हणून लिव्ह. माझं कोण ऐकत न्हाय, आई सुदिक. फळ्याचं ऐकतील."

तिचे डोळे भरून आले, तरी तिनं लिहिलं. परसू रथातून पडतो, मातीत येतो, दुखरा पाय धरून बसतो आणि बापाला म्हणतो, "आता तुझा दिवस तूच हाक." इतकं सुंदर माझ्यावर कधी कुणी लिहिलं नव्हतं.

गल्ली वाचायला जमली आणि भडकली. "पोरीनं अपशकुन केला!" नागोजीअण्णांनी ओल्या फडक्यानं मला खसाखसा पुसलं. तेवढ्यानं त्यांचं समाधान होईना. पुन्हा कुणी भलतंसलतं लिहायला नको, म्हणून त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या मष्णू पेंटरला बोलावलं. त्यानं माझ्या अंगभर ऑइलपेंटनं रथ काढला, घोडे काढले, रथात परसू आणि त्याच्या डोक्याभोवती सोनेरी किरणं. खाली मोठ्या अक्षरांत 'हेळ्याप्पा प्रसन्न'.

रंग वाळला आणि मी जिवंतपणी गाडला गेलो. माझ्यावर खडू उमटेना, नुसता घसरायचा. परसूही तसाच अडकला. ज्याचं चित्र देवळाच्या भिंतीवर चढलं, त्यानं नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्याची आई तानीबाई हात जोडून म्हणाली, "देवाला न्हाय म्हणू नगं, लेकरा."

तो फायनल खेळला. आम्ही जिंकलो. गल्लीनं त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं, गुलाल उधळला, आणि देवळापुढं खाली ठेवलं तर त्याला उभं राहता येईना.

मागाच्या पायाखालच्या पावडीवर त्याचा पाय पुन्हा बसला नाही. जयवंताचं लग्न झालं, ती निपाणीला गेली. आज शहाऐंशी साल चाललंय. परसू माझ्याच खाली, देवळाच्या पायरीशी चरखा घेऊन दुसऱ्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसतो. जाता-येता लोक वर माझ्याकडं बघून हात जोडतात. खाली कुणी बघत नाही. मला संताप येतो, पण फळ्यानं संताप करून करायचं काय?

परवा जयवंता माहेरी आली होती. तिच्या मुलीनं वर बोट दाखवून परसूला विचारलं, "मामा, ह्यो कोण?"

परसूनं चरखा थांबवला नाही. "सूर्याचं पोरगं व्हतं, बाळ. रथातनं पडलं आन् मेलं."

"मेलं न्हाय," जयवंता म्हणाली. "मी तसं लिव्हलं न्हवतं."

तिनं केसातला आकडा काढला आणि माझा रंग खरवडायला लागली. एका घोड्याचा खूर निघाला, तोवर देवळातून ओरडा झाला आणि लोकांनी तिला बाजूला ओढलं.

बोटभर काळं अंग माझं उघडं पडलंय. येणाऱ्या-जाणाऱ्यांनो, मला नमस्कार नको. पत्र्याचा तुकडा घ्या, काच घ्या, हाताला लागेल ते घ्या आणि मला खरवडा. त्या पोराला खाली उतरवा. ते मेलेलं नाही, माझ्या खालीच बसलंय.