डावी नळी

"काकू, बाजूले सरक. मी उतारी लेस तिले," वना म्हणाला आणि त्याने हात वर केला.

कुंदाबाई सरकल्या नाहीत. मधल्या घराच्या भिंतीला पाठ टेकून त्या उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर, दोन लाकडी खुंट्यांवर, कौतिकआबांची दुनळी बंदूक आडवी होती. उद्या आबांची गंधमुक्ती. सुतक फिटणार, पाहुणे जमणार, नवलच्या डोक्याला बापाच्या जागी पागोटं बांधलं जाणार. पुतण्या वनाला त्या वेळी अंगणात एक बार काढायचा होता. काकाला मान नको का, असं तो सकाळपासून गावात विचारत फिरला होता, आणि असल्या प्रश्नाला नाही कोण म्हणणार!

"तिले हात लावू नको, वना."

"मनाच काकानी बंदूक शे ना ती? परकी शे का?"

"तुना काका जित्ता व्हतात तवय तरी त्यासनी कोनले हात लावू दिना का?"

वना हसला, पाणी मागून प्याला आणि दुपारी पुन्हा येतो म्हणून निघून गेला. तो गेल्यावर कुंदाबाई मटकन खाली बसल्या आणि मग आपण नेमक्या कुठे बसलोय हे लक्षात येऊन लगबगीने उठल्या. त्या भिंतीखाली आताशा घरात कुणी बसत नव्हतं.

कौतिकआबा तसा भोळा माणूस. पिंपळनेरच्या बाजारात कुणीही त्यांच्या गळ्यात किडकी वांगी मारावीत. पण बंदुकीचा विषय निघाला की या माणसाचा पार फौजदार व्हायचा. मक्यात रानडुकरं शिरतात म्हणून पीक राखायला त्यांनी परवाना काढला होता. त्याची मुदत संपायच्या आधीच ते तालुक्याला, जिल्ह्याला खेटे घालू लागत. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. लग्नाच्या वरातीत बार काढायला मागायला आलेल्या सख्ख्या मेहुण्याला त्यांनी चहा पाजून रिकाम्या हाताने पाठवलं होतं. "लायसन मना नावनं शे, तुमनं नही," हे त्यांचं वाक्य घराने इतकं ऐकलं होतं की सून कामिनी नवी नवरी असतानाच त्याची नक्कल करायला शिकली.

रोज तिन्हीसांजेला शेतातून आले की आबा उंबऱ्याबाहेरच थांबत. बंदूक मधून मोडून उघडत, दोन्ही नळ्यांतली काडतुसं काढत, नळ्या उजेडाकडे धरून आरपार बघत. मग आत येऊन बंदूक त्या खुंट्यांवर टेकवत, ती फक्त करदोट्याच्या किल्लीने कपाटाचं कुलूप काढेपर्यंत. बंदूक कपाटात, काडतुसं दुसरीकडे पेटीत. पोरांनाही इतकं जपून कधी निजवलं नाहीत, असं कुंदाबाई त्यांना चिडवत.

त्या संध्याकाळी आबा आले ते छाती चोळतच. पित्त झालंय म्हणाले. दुपारी त्यांनी बहिणीकडे, ताईबाईंकडे, पोटभर भजी खाल्ली होती, त्यामुळे कुंदाबाईंनी ओव्याचं पाणी करून दिलं आणि वर दोन शब्दही सुनावले. आबा जेवले नाहीत. लवकर आडवे झाले आणि सकाळी उठलेच नाहीत. झोपेतच गेले, त्रास नाही, यातना नाही. भेटायला येणारा जो तो हेच म्हणे आणि कुंदाबाईही सगळ्यांना तेच सांगत. एवढ्या एका गोष्टीच्या आधाराने त्यांनी हे दिवस ढकलले होते.

बंदूक खुंट्यांवरच राहिली आहे हे माती देऊन आल्यावर दिसलं. कपाटाला कुलूप तसंच होतं. दोन दिवसांनी आबांचा सदरा धुवायला घेतला तेव्हा कामिनीला खिशात एक लाल काडतूस सापडलं, आणि नवलने सुटकेचा श्वास सोडला. आबांनी काडतूस काढलं होतं, म्हणजे बंदूक रिकामी. काडतुसं महाग झालीत म्हणून आबा हल्ली एकच नळी भरत असतील, असंही त्याने स्वतःच ठरवून टाकलं. कुंदाबाईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला एक नळी भरताना कधी पाहिलं नव्हतं.

मग त्या घरात भीती राहायला आली. बंदुकीचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. कामिनी ताट घेऊन त्या दारातून जाताना वाकून जाऊ लागली. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या तान्ह्या लेकीचा झोका मधल्या घरातून ओसरीवर गेला. भिंतीवर पाल सरसरली तरी कुंदाबाई आधी खुंट्यांकडे बघत. बंदूक उतरवायची म्हटलं तर हात लावायला हवा, आणि हात लावायचा नाही हे तर आबांनी घरादाराच्या हाडीमांसी भिनवलं होतं. एवढं सगळं शिकवलं त्या माणसाने, पण तो स्वतःच नसेल तेव्हा काय करायचं, हे शिकवायचं राहून गेलं.

नवलला त्याहून दुसरी भीती. आईने ठाण्याचा विषय काढला की तो आवाज खाली आणी. "माय, पोलिसेसले सांगं ते इचारतीन, इतला दिन घरमा काबर ठेयी? आपलेच धरतीन." गंधमुक्ती होऊ दे, मग बघू, असं म्हणून तो शेताकडे निघून जाई.

आज मात्र वनाचा वर गेलेला हात बघितल्यावर कुंदाबाईंना थांबवेना. त्यांनी कामिनीला आबांचा मोबाइल आणायला लावला. धुळ्याला बंदुकांचं दुकान असलेले प्रेमराजशेठ, ज्यांच्याकडून आबा वर्षानुवर्षं काडतुसं घेत, त्यांचा नंबर त्यात होता. शेठ आधी हळहळले, मग बंदूक अजून घरातच आहे हे ऐकून त्यांचा सूर बदलला. त्यांनी सांगितलं, ती गाडीत घालून माझ्याकडे आणू नका. परवाना आबांचा होता, आता ती नुसती बाळगणंही तुमच्यासाठी गुन्हा आहे. ठाण्यात कळवा, पोलीस येऊन नेतील, पावती घ्या. उशीर का झाला ते खरं सांगा, घरात मौत झालीय हे त्यांनाही कळतं. पुढे मुलाला वारस म्हणून अर्ज करता येईल, नको असेल तर रीतसर विकता येईल. आणि बार काढायचं तर कुणी नावही काढायचं नाही.

"ती रिकामी असंल का हो, शेठ?" कुंदाबाईंनी विचारलं.

"बाई, आपल्या डोळ्यांनी नळ्या बघेपर्यंत प्रत्येक बंदूक भरलेलीच असते. आबा तर हे मलाच ऐकवायचे." शेठ पुढे म्हणाले, "आणि त्यांची डावी नळी अडकायची. त्यातलं काडतूस नखांनी ओढून काढावं लागायचं. दुरुस्तीला आणा म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं."

फोन ठेवून कुंदाबाईंनी नवलला शेतातून बोलावून घेतलं आणि पोलीस पाटलांकडे पिटाळलं, आणि तो कुरकुरला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यावर हात उगारला. तासाभरात निरोप आला की पिंपळनेरहून पोलीस निघालेत. त्या अंगणात येऊन रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

आणि तेवढ्यात घरातून कामिनीची हाक आली. हाक कसली, नुसता घुसमटलेला आवाज.

वना मागच्या दाराने आला होता. बंदूक त्याच्या हातात होती. तो ती खांद्याला लावून बघत होता आणि तोंड ओसरीकडे होतं, जिथे झोका होता.

कुंदाबाई चालत गेल्या आणि झोका आणि बंदूक यांच्या मधे उभ्या राहिल्या. धावावंसं वाटत होतं, पण धावलं तर तो दचकेल. समोर दोन काळी भोकं होती. त्यातली डावी नळी कुठली, आपल्या डाव्या हाताची की त्याच्या, हेही त्यांना कळेना. त्या वनाच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या,

"जशी उचलेल शे तशीच ठेव, वना. मी सरकाव नही."

"रिकामी शे, काकू. एक काडतूस खिसामा सापडनं ना?"

"तशीच ठेव."

त्या डोळ्यांत वनाला काय दिसलं कोण जाणे. त्याने बंदूक खाली केली आणि पुन्हा खुंट्यांवर टेकवली. कामिनीने झोक्यातून लेकीला उचललं आणि ती अंगणापलीकडे पळत गेली.

ठाण्यातून आलेल्या अंमलदार बाईंचं नाव चारुलता. वयाने लहान होत्या, पण घाई नव्हती. त्यांनी पाटलांना अंगणात थांबवून लोकांना लांब ठेवायला सांगितलं, दारासमोरून सगळ्यांना बाजूला केलं, मग बंदूक उतरवून नळ्या जमिनीकडे वळवल्या आणि ती मोडून उघडली. उजवी नळी रिकामी होती.

"डावीत आहे," त्या हलकेच म्हणाल्या. "काकांनी एक काढलं आणि दुसरं राहिलं वाटतं."

वना भिंतीला धरून खाली बसला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

काडतूस निघेना. चारुलताबाईंनी दोनदा नखांनी ओढून पाहिलं. "कोणीतरी दस्ता घट्ट धरा," त्या म्हणाल्या. नवल मागे सरला. कुंदाबाई पुढे आल्या आणि त्यांनी बंदुकीच्या लाकडावर दोन्ही हात ठेवले. एवढ्या संसारात पहिल्यांदाच. लाकूड गुळगुळीत होतं, आबांच्या हाताने झिजलेलं. दुसऱ्याच हिसक्याला काडतूस बाहेर आलं.

एवढंच तर काम होतं. कुणीतरी दस्ता धरायचा. त्या संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात होत्या, हाकेच्या अंतरावर. छातीत कळ येत असताना तो माणूस उंबऱ्याबाहेर अंधारात उभा राहून नखांनी ओढत राहिला, हातात जोर उरला नाही तेव्हा तशीच मिटवून खुंट्यांवर ठेवून आला, आणि बायकोला मात्र हाक मारली नाही. लायसन तिच्या नावाचं नव्हतं ना. पित्त झालंय म्हणाला आणि भज्यांवरून बोलणी खाल्ली. ते पित्त नव्हतं हे त्यालाही ठाऊक असणार, असं कुंदाबाईंना वाटलं, आणि त्यांना तिथेच रडू फुटलं.

चारुलताबाईंनी त्यांना रडू दिलं. मग खिशातलं काडतूस आणि पेटीतली काडतुसंही मागून घेतली आणि पावती नवलच्या हातात दिली. जाताना बंदूक गाडीत ठेवण्याआधी त्यांनी दोन्ही नळ्या उन्हाकडे धरून आरपार बघितल्या. दारातून कुंदाबाई ते बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी गंधमुक्ती झाली. नवलच्या डोक्याला पागोटं बांधलं गेलं. अंगणात बार निघाला नाही, आणि वना पंगतीत खाली मान घालून वाढत होता. जेवणं झाल्यावर ताईबाई मधल्या घरात आल्या आणि भावजयीचा हात हातात घेऊन बसल्या. त्या रात्रीपासून त्यांना स्वतःच्याच भज्यांचा सल होता, हे कुंदाबाईंना ठाऊक होतं.

"मना भाऊ सुखमा गया ना, माय?" ताईबाईंनी विचारलं. "त्याले काही तरास नही व्हयना ना?"

कुंदाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"नही, अक्का," त्या म्हणाल्या. "पित्त शे म्हनेत आन् झोपनात. सुखमा गयात."

मग त्या उठल्या, ओसरीवरचा झोका सोडला आणि मधल्या घरात आणून पुन्हा आपल्या जागी, रिकाम्या खुंट्यांखाली बांधला.