सरकारी नाक

गल्लीच्या तोंडाशी लाकूड चिकटवायचा सरस उकळणाऱ्याचा कारखाना होता आणि त्या कारखान्याचा वास सगळ्या गल्लीच्या नाकाशी. वास म्हणजे साधासुधा नव्हे. हाडं आणि कातड्याचे तुकडे हंड्यांत दिवसभर रटरटत आणि त्यातून जे वर उठे, त्यावर म्हणे पाखरं टेकून दम खात. एकदा एक चोर गल्लीत शिरला, तो पहिल्याच घरापाशी नाक दाबून आल्या पावली परत फिरला. जाताना दोन शिव्या गल्लीवाल्यांनाच हासडून गेला, की असल्या ठिकाणी माणसं राहतातच कशी. गल्लीतलं कुणी नाटकाला गेलं की आजूबाजूच्या खुर्च्या आपोआप रिकाम्या होत. ऐसपैस बसून नाटक बघायला मिळे, एवढाच काय तो त्या वासाचा उपकार.

बाकीच्यांनी नाकाला सवय लावून घेतली होती. शिवणकाकूंना ते परवडणारं नव्हतं. खिडकीपाशी मशीन टाकून त्या जन्मभर गल्लीचे कपडे शिवत आल्या. त्यांची सून बाळंतपणाला माहेरी गेली ती तिकडचीच झाली. तिचं म्हणणं सरळ होतं. बाळाचं नाक अजून कोरं आहे, ते तिथे आणून नासवायचं नाही; वास गेला की येते. नातू काकूंनी फोनवरच पाहिलेला. त्याच्यासाठी त्या झबली शिवत आणि पाठवायचं ठरेपर्यंत तो झबल्यांपेक्षा मोठा झालेला असे. एक झबलं वेळेवर पोचलं, तर सुनेने ते तीनदा धुतलं आणि शेवटी फरशी पुसायला घेतलं. मुलगा दर सुट्टीला सासुरवाडीला पळे आणि येताना आईसाठी बाळाच्या जांभयांचं वर्णन घेऊन येई.

तेव्हा काकूंनी कंबर कसली. चित्रकलेचे निवृत्त मास्तर पुढे, इस्त्रीवाला मागे, मध्ये काकू, अशी फौज नगरपालिकेवर चालून गेली. आरोग्य खातं म्हणालं, वास हवेत असतो, हवा आमच्याकडे नाही. हवेचं खातं म्हणालं, उगम हंड्यात आहे, भांडी आमच्याकडे नाहीत. फिरत फिरत अर्ज एका साहेबापाशी पोचला. साहेब भला माणूस. त्याने समजावून सांगितलं की तुमच्या नाकाला कायद्यात जागा नाही, सरकारी नाकाला वास आला पाहिजे. मी स्वतः येतो, म्हणाला, आणि वारही सांगितला.

झालं. साहेब येणार म्हटल्यावर गल्लीच्या अंगात आलं. सरकारी माणूस दारात येणार आणि दारात कचरा? सकाळपासून झाडू, बादल्या, फिनेल. मास्तरांनी कुंड्यांना गेरू लावला. इस्त्रीवाल्याने तर विजेच्या खांबालाही फडकं मारलं. साहेब आला. त्याने एक मोठा श्वास घेतला, मग दुसरा. कारखान्यात डोकावला, तर हंडे थंड, झाकणं घट्ट आणि दारात निलगिरीचं तेल शिंपडलेलं. साहेबाने शेरा मारला की गल्ली अत्यंत स्वच्छ असून तक्रार निराधार आहे. पुढच्या खेपेलाही तेच. उलट त्या वेळी गल्लीला स्वच्छतेचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते मास्तरांनी चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगलं आणि खाली बसून नाकाला रुमाल लावला.

साहेब येणार हे सरसवाल्याला कळतं कसं, यावर गल्लीत रोज खल. मास्तरांना कचेरीतल्या शिपायाचा संशय. इस्त्रीवाल्याला काकूंचा.

"त्याच्या विजारी कोण शिवतं?" तो म्हणाला. "मी नाही शिवत."

काकूंना ते फार लागलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात सरसवाला विजारीचं माप द्यायला आला. त्याला सगळे चिकटराव म्हणत, तोंडावरसुद्धा. आधीची विजार बाकाला चिकटली ती बाकाचीच झाली होती. काकूंनी मुकाट्याने टेप घेतली. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बोलता येत नव्हतं. नाहीतर त्याचं काही खरं नव्हतं.

"काय काकू, आज साहेब नाही वाटतं?" चिकटराव सहज म्हणाला.

काकूंनी टाचण्यांमागून हुंकार दिला.

"नाही, गल्लीत झाडू दिसला नाही म्हणून म्हटलं. मास्तरांनी कुंड्या रंगवायला घेतल्या की मी आपला जाळ काढतो, झाकणं लावतो. तुमच्यासारखे शेजारी मिळायला भाग्य लागतं हो. बाहेर कोण एवढं आधी कळवतं?"

काकूंच्या तोंडातल्या टाचण्या गिळल्या जायच्याच बाकी होत्या. त्यांनी त्याची कंबर दोन बोटं कमीच लिहून घेतली.

संध्याकाळी त्यांनी गल्ली गोळा केली आणि सांगितलं, फितूर शिपाई नाही, फितूर आपला झाडू. पुढच्या वेळी कुणी काडी हलवायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबाचा दिवस उजाडला. मास्तर बाहेर आले आणि फक्त आपला उंबरठा पुसला. मास्तरांचा चकचकीत उंबरठा बघून इस्त्रीवाल्याने फक्त आपली पायरी धुतली. पायरीचं पाणी पुढे गेलं म्हणून पुढच्या बाईने तेवढंच झाडलं. ऊन चढेपर्यंत गल्ली आरशासारखी. समोर झाकणं लागल्याचा खणखणाट झाला. काकूंनी कपाळ बडवून घेतलं, तर त्यांच्याच हातात फडकं. साहेब येऊन गल्लीची तारीफ करून गेला.

तिकडे फोनवर नातू दात दाखवत होता. आता दात आले म्हणजे झबल्यांचं वय सरलंच.

काकू त्या दिवशी मशीनवर बसल्या नाहीत. दुपारभर समोरची झाकणं बघत राहिल्या. साहेब कधीच गेला होता, तरी झाकणं तशीच. कारण गल्ली अजून लख्ख होती. काकू ताडकन उठल्या.

"मास्तर, झाडू सोडायला आपल्याला जमत नाही ना?"

"नाही जमत, काकू. हाडातच आहे ते."

"मग सोडूच नका. उद्यापासून रोज साहेब येणार."

दुसऱ्या दिवशी गल्ली पहाटेच कामाला लागली. झाडू, बादल्या, गेरू. चिकटरावाने झाकणं लावली. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. इस्त्रीवाला कडक सदरा घालून उगाच रस्त्याच्या टोकापर्यंत जाई आणि कुणाची तरी वाट बघून परत येई. आता, वाफ गेल्याशिवाय सरस काही घट्ट होत नाही. हंड्यात नुसतं गढूळ पाणी. सुतार शिव्या देत परत जाऊ लागले. म्हणे एकाने त्या सरसाने खुर्ची जोडली, तर पाहुणा जमिनीवर आणि खुर्चीचे पाय चारी दिशांना. महिना सरायच्या आत चिकटरावाने गावाबाहेर माळावर जागा बघितली आणि हंडे गाडीत भरले.

जाण्याआधी विजार न्यायला आला. ती कमरेत घट्ट होत होती, तरी त्याने तशीच घडी करून काखेत मारली.

"काकू, पुष्कळ गावं पाहिली," तो खिन्नपणे म्हणाला, "पण रोजच्या रोज येणारं सरकार कुठे पाहिलं नाही. असल्या कडक ठिकाणी धंदा कसा करायचा माणसाने?"

त्याचा चेहरा बघून काकूंना कसंसं झालं. त्यांनी विजार परत मागून घेतली आणि बसल्या बैठकीला कंबर सैल करून दिली.

साहेबाचं नाक पुढे केव्हातरी आलं. रिकाम्या कारखान्याच्या दाराला बंदीचा हुकूम चिकटवायला गेलं, तर खळ नव्हती. मास्तरांनी पिठाची करून दिली. साहेबाने आपल्या अहवालात लिहिलं, की कचेरीच्या कडक कारवाईमुळे कारखाना हटला.

सून आली ती दारातच थांबली. आधी हवा हुंगली, मग खिडकीचे पडदे हुंगले, शेवटी सासूला हुंगलं. मग बाळाला कापडं बेतायच्या टेबलावर ठेवलं. ते पालथं पडून थेट मोजमापाच्या टेपवर झेपावलं आणि नव्या दातांनी तिचं टोक चावू लागलं.

"खरं सांगू आई?" सून म्हणाली. "नगरपालिका काही करेल असं मला वाटलं नव्हतं. माणसाने सरकारवर जरा विश्वास ठेवायला हवा."

काकू नातवासाठी मोठ्या मापाचा सदरा बेतत होत्या. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बरं.