सात थर आणि आत्या

आमच्या इमारतीत राहायला येणाऱ्या प्रत्येकाने जिन्याच्या कठड्याचा एक लोखंडी गज आपल्या आवडीच्या रंगात रंगवायचा, अशी पद्धत आहे. ती कुणी सुरू केली ते कुणालाच ठाऊक नाही. इथली माणसं कुठून कुठून आलेली, निम्म्यांना एकमेकांची भाषा कळत नाही, पण गजाचं तेवढं सगळ्यांना बरोबर कळतं. त्यामुळे आमचा जिना रंगपेटी सांडल्यासारखा दिसतो.

मी आत्याकडे राहायला आले, तेव्हा तिने स्वतःच्या निळ्या गजाशेजारचा राखाडी गज दाखवला. "हा तुझा. रंग आण आणि लाव."

"विचार करून लावते," मी म्हटलं.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. विचार केल्याशिवाय मी चहात साखरही घालत नाही. दुकानातून रंगांची कार्डं आणली, वेगवेगळ्या उजेडात गजाला लावून पाहिली, कोणता रंग किती लवकर फिका पडतो याचा तक्ता केला. तक्ता फार सुरेख झाला. गज राखाडीच राहिला.

नोकरी शहराच्या वारसा जतन कार्यालयात, प्रयोगशाळेत. जुन्या दारांवरून, भिंतींवरून रंगाचा बारीक कपचा काढायचा, त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि थरांवरून वास्तूचा इतिहास सांगायचा. मला हे काम आवडतं. रंगाचे थर शांत असतात, उलट बोलत नाहीत.

एके दिवशी इमारतीच्या व्यवस्थापकाने दारात सूचना लावली: नीटनेटकेपणासाठी सगळा कठडा राखाडी रंगवण्यात येईल. आत्या ती सूचना उपटून थेट माझ्यासमोर घेऊन आली.

"तुमचं ऑफिस असल्या वेळी कामाला येतं की नुसतं जेवायच्या सुट्टीला?"

मी आमच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "कठडा वारसा म्हणून वाचवता येईल. पण पुरावा हवा. तू अभ्यास कर, रंगारी यायच्या आत मी स्वतः बघायला येते."

म्हणजे सगळ्यांचे गज माझ्या अहवालावर लटकलेले. माझी छाती अभिमानाने इतकी फुगली की ॲप्रनचं बटण लागेना.

कपचा मी आत्याच्या गजावरून काढला. अहवालात कारण लिहिलं: 'रंगाची जाडी सर्वाधिक.' ते खरंच होतं. पण दुसऱ्या कुणाच्या गजावरून काढायचा, तर त्या घराची बेल वाजवावी लागली असती, मी कोण ते सांगावं लागलं असतं, आणि बहुतेक चहाही घ्यावा लागला असता. समोरच्या शिंपीणकाकूंना मी आजवर फक्त मान हलवून दाखवली होती. माणसांना विचारण्यापेक्षा लोखंड खरवडणं मला सोपं गेलं.

छेदात सात थर निघाले! वर निळा, मग पिवळा, पांढरा, हिरवा, पुन्हा पिवळा असं काय काय, आणि सगळ्यांत तळाशी भडक लाल, त्यात चमचमते कण. मला आनंदाने जेवण गेलं नाही. मी लिहिलं की इमारतीत सात वेगवेगळे समाज एकामागून एक येऊन गेले असावेत. तळाच्या चकचकीत लालाबद्दल लिहिलं, 'आद्य रहिवाशांचा, बहुधा विधींशी निगडित वर्ण.' त्या 'बहुधा'चा मला विशेष अभिमान होता. माझ्या मते तेवढी नम्रता शास्त्रज्ञाला शोभते.

मॅडम आल्या त्या सकाळी सगळे बिऱ्हाडकरू जिन्यात जमले. व्यवस्थापक राखाडी रंगाचा डबा घेऊनच उभा होता. मी छेदाचा मोठा फोटो कठड्याला टेकवला आणि बोट ठेवून एकेक समाज समजावू लागले. तळाच्या लाल थराशी आले, तेव्हा शिंपीणकाकू खुदकन हसल्या.

"अगं, तुझ्या नखालाही तोच समाज लागलाय की!"

मी बोटाकडे पाहिलं. फोटोकडे पाहिलं. लाल तोच. चमचमही तीच. नेलपॉलिश मी आदल्या दिवशी आत्याच्या कपाटातून उचललं होतं.

"आत्या," मी बोट गजावर ठेवलं, "हा गज..."

"तो नवाच बसवलाय गं. मी राहायला आले तेव्हा माझं कपाट वर चढवताना हमालांनी जुना वाकवला. नव्यावर एक ठिपका गंजायला लागला, मग हाताशी होतं ते लावलं. मी वर्षानुवर्षं तीच बाटली घेते."

"आणि पिवळा?"

"पिवळा मी लावला. मग तुझ्या काकांशी भांडण झालं, तेव्हा हिरवा."

"पांढरा?"

"समेट झाला."

"पुन्हा पिवळा?"

"पुन्हा भांडण. तेव्हा हिरवा संपला होता." आत्याने पदर सावरला. "तुझे ते सात समाज म्हणजे मी एकटीच. आधी विचारलं असतंस, तर पोळ्या लाटता लाटता सांगितलं असतं."

जिन्यात हशा पिकला. ज्यांना भाषा कळत नव्हती, त्यांना शेजाऱ्यांनी खुणा करून समजावलं, आणि मग दुसऱ्यांदा पिकला. मला वाटलं, जिन्याने मला पोटात घ्यावं.

व्यवस्थापकाने डब्याचं झाकण उघडलं. "म्हणजे जुनं असं काही नाहीच. मग करू सुरू?"

"थांबा," शिंपीणकाकू पुढे झाल्या. "माझा हा गज बघा. आमच्या गावच्या दुकानाच्या दाराचा रंग. दुकान राहिलं नाही, दारही नाही. डोळ्यांनी आठवून मिसळलाय मी." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू माझा का नाही खरवडलास?"

माझ्याकडे तक्ता होता. त्यात बेल वाजवण्याचा रकाना नव्हता.

मॅडम एकेक गज बघत वर गेल्या, खाली आल्या. "तळाशी काय आहे ते सोडा," त्या म्हणाल्या. "पद्धत अजून चालू असेल, तर पद्धतच जपता येईल. नवीन येणारा प्रत्येकजण रंगवतो ना?"

"प्रत्येकजण!" आत्या ठसक्यात म्हणाली.

"हा कुणाचा?" व्यवस्थापकाने बोट दाखवलं. "हा तर राखाडीच आहे. म्हणजे पद्धत मोडली."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सबंध इमारतीत पद्धत मोडणारी एकच व्यक्ती, आणि तीच वारसा जतन कार्यालयात नोकरीला.

"माझा आहे," मी म्हटलं. "मी अजून रंग ठरवतेय."

"अजून?" शिंपीणकाकूंनी विचारलं.

"फिका पडण्याचा वेग..." मी सुरुवात केली आणि आत्याचा चेहरा बघून थांबले.

आत्या आत गेली आणि ती बाटली घेऊन आली. माझ्या हातात ठेवली. एरवी मी नक्की म्हटलं असतं की नखांचा रंग लोखंडासाठी नसतो, कडक उन्हात टिकत नाही आणि त्या बोटभर ब्रशने सबंध गज रंगवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी पायरीवर बसले आणि रंगवायला लागले.

बाटली अर्ध्या गजातच संपली. वर लाल, खाली राखाडी, मध्ये एक ओघळ.

"अर्धाच झाला," व्यवस्थापक म्हणाला.

"काम चालू आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि पद्धतही. झाकण लावा तुमच्या डब्याला." मग माझ्याकडे वळून हळूच, "अहवालातले ते सात समाज काढ. आणि 'बहुधा'सुद्धा."

गर्दी पांगली. मी ओघळ पुसू लागले, तर शिंपीणकाकूंनी माझा हात धरला.

"राहू दे तो. आता आत ये. उरलेल्या अर्ध्याला माझ्याकडचा रंग देते. पण आधी चहा घ्यायचा."

मी नखांकडे पाहिलं, आता बोटंही लाल झाली होती, म्हणजे नमुना दूषित झाला होता, आणि त्यांच्या मागोमाग आत गेले.