बादलीवर चढून दिलेला मंत्र

ह्यातला एक शब्द जरी खोटा निघाला, तर माझ्या हातचं वरण जन्मभर करपत राहो. याहून मोठी शपथ माझ्याजवळ नाही. लोक म्हणतात, मौनानंद महाराजांनी मंत्र साता समुद्रापार नेला. म्हणू द्या. महाराजांइतकाच लांब तो नेला भिलाईच्या भागाबाईनं, आणि तोही कुठं न जाता, पालथ्या बादलीवर उभं राहून.

त्या सकाळी भागाबाई रशियन साहेबाच्या स्वयंपाकघरात हाताची घडी घालून उभी होती आणि शेगडी पेटवायला साफ नाही म्हणत होती. साहेब कारखान्यातल्या भट्टीवरची पाळी संपवून आलेला, तोंडाला काळं, पोटात आग. त्याची बायको वेराबाई टेबलापाशी तार घेऊन बसलेली. तिची आई वारली होती, तिकडे रशियात, बर्फाच्या मुलखात. तार पोचायला नऊ दिवस लागले. म्हणजे इकडे वेराबाई बाजारातून भेंडी आणत होती, तेव्हा तिकडे आई मातीआड झालेली होती.

"भागा, खाना?" साहेबानं विचारलं. हिंदीतले त्याला वीसेक शब्द येत, त्यातले पंधरा खाण्याचे.

"मयताच्या घरी चूल नाई पेटत, साहेब. शेजारपाजारचे आणून देतात."

साहेबानं खिडकीतून शेजार पाहिला. शेजारी सगळे रशियन. त्या बिचाऱ्यांना ही रीत कोण सांगणार? भागाबाईच्या ते लक्षात आलं, तशी तिनं पदर खोचला आणि दीड मैल चालत मजुरांच्या कॅम्पातल्या आपल्या खोलीवर गेली. पिठलं घोटलं, भाकरी थापल्या, फडक्यात बांधून परत आली. पगार घेऊन ज्या घरी स्वयंपाक करायची, त्या घरची ती त्या दिवशी शेजारीण झाली. साहेबानं चमच्यानं पिठलं खाल्लं, चार भाकरी खाल्ल्या आणि डोळे पुसले. मिरचीनं की कशानं, ते भागाबाईनं विचारलं नाही. वेराबाईनं मात्र तुकडाही मोडला नाही.

भागाबाई मूळची नागपूरकडची. नवरा दौलतराव रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन, दुर्गच्या लाइनीवर. तापानं गेला, आणि महिन्यानं रेल्वेचं क्वार्टरही गेलं. लेकरू नाही. भिलाईत रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहत होता, पत्र्याच्या खोल्या उठत होत्या, सगळ्या मुलखातली माणसं येऊन पडत होती. कुणाला कुणाची बोली कळत नव्हती. भागाबाई त्यातल्या एका खोलीत राहायला आली. दिवसभर कुणी 'बाई' म्हणे, कुणी 'ए मौसी' म्हणे. भागा म्हणून हाक मारणारं माणूस मातीत गेलं होतं. संध्याकाळी कुलूप काढताना ती मुद्दाम कडी वाजवायची, आत कुणी असल्यासारखी.

अशात मौनानंद महाराज दुर्गच्या धर्मशाळेत उतरले. नाव मौनानंद, पण बोलायला लागले की ऐकायला हावडा मेल दहा मिनिटं थांबे. एकेकाला आत बोलवायचे. एक फूल, एक फळ आणि कोरा रुमाल पुढे ठेवायचा, मग ते कानात दोन अक्षरं सांगायचे. प्रत्येकाला वेगळी. रोज दोन वेळा डोळे मिटून मनात म्हणायची, आणि कुणाला सांगायची नाहीत. दुसऱ्याच्या कानात पडली की आपल्याजवळून गेली.

भागाबाई घरी आली, पाट मांडला, डोळे मिटले. आणि काय सांगू, खोलीत कुणीतरी आहे असं तिला वाटलं. दौलतराव नव्हे, देव नव्हे, पण कुणीतरी. दुसऱ्या दिवसापासून ती कडी वाजवायची विसरली.

शेजारच्या खोलीतल्या राधाबाईलाही महाराजांनी मंत्र दिला होता, पण तिच्या पोटात कुठलीच गोष्ट राहत नसे. ती भिंतीपलीकडून विचारायची, "काय करून राहिली वं? मले सांग ना तुहा कोणता हाय. माहा घे, तुहा दे. साडी पाहाले देतो तशी."

"साडी फाटली तं दुसरी घेता येते," भागाबाई म्हणायची आणि पुन्हा डोळे मिटायची. सहा महिन्यांनी महाराज बोटीत बसून परदेशी गेले. पेपरात फोटो आला. आता विचारायला गेलं तरी कुणी भेटणार नव्हतं. जे होतं ते तेवढंच.

तर तार आल्यापासूनचा पाचवा दिवस. भागाबाई दुपारी, खोलीवरून आणलेल्या जेवणाची भांडी आवरून मागच्या पायरीवर नेहमीसारखी डोळे मिटून बसली. कारखान्याचा भोंगा झाला. तो असा वाजायचा की पार अहिवारा गावापर्यंतच्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबत. तिनं डोळे उघडले, तर समोर वेराबाई. पाच दिवसांत चहापाण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं, धड झोपली नव्हती. गालाची हाडं वर आलेली.

"भागा," ती म्हणाली, "आँख बंद, तुम घर जाता? माँ के पास?"

भागाबाईनं मान हलवली, हो म्हणून का नाही म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही.

"मेरे को दो," वेराबाई म्हणाली आणि तिच्याजवळ पायरीवर बसली. एवढी मोठी बाई, गुडघे छातीशी घेऊन.

भागाबाई काम टाकून घरी आली. संध्याकाळी पाटावर बसली आणि त्या दोन अक्षरांना धरून बसली, गावी चाललेल्या माणसाचा हात धरावा तशी. दिला तर घरी परत कुलूप, कडी आणि आपण. नाही दिला तर ती बाई मरेल. मरेल म्हणजे मरेलच असं नाही, पण भागाबाईनं स्वतःला आरशात त्या अवस्थेत पाहिलेलं होतं. दौलतराव गेला तेव्हा कुणी पिठलं आणलं होतं, पण पिठलं एक दिवसाचं असतं.

सकाळी तिनं डोक्यावरून आंघोळ केली. तगरीचं फूल घेतलं, एक केळं घेतलं. कोरा रुमाल कुठून आणायचा? पेटीत दौलतरावचा एक होता, पदोन्नती झाली की वापरीन म्हणून त्यानं ठेवलेला. तो घेतला.

वेराबाई मोरीपाशी उभी होती, आणि ती अशी उंच की क्वार्टरच्या पंख्याला तिचा अंबाडा लागायचा. बस म्हटलं तरी तिला कळेना. भागाबाईनं फूल, केळं, रुमाल ओट्यावर मांडला, बादली पालथी घातली, वर चढली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

सांगताना तिचा आवाज फुटेना. दोन वर्षं तिनं ती अक्षरं तोंडानं उच्चारलीच नव्हती. तिसऱ्या वेळेला फुटला. वेराबाईनं डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग उघडून ओट्यावरचं केळं सोलून खाल्लं, तारेनंतरचा पहिला घास. भागाबाई बादलीवरून उतरली आणि तिनं शेगडी पेटवली.

त्या संध्याकाळी तिनं पाट मांडला, डोळे मिटले. अक्षरं दारापर्यंत आली होती, हे तिला कळत होतं. पण दिलेली वस्तू वापरायची नाही म्हणून तिनं त्यांना आत घेतलं नाही. नुसतीच बसली. पलीकडे राधाबाईला सगळं कळलं. कसं, ते तिलाच ठाऊक.

"कावून दिला वं तू त्या गोऱ्या बाईले? आता काय म्हणशील?"

"काई नाई म्हणत. बसतो नुसती."

मग राधाबाई भिंतीला तोंड लावून हळू म्हणाली, "माहा घेतेस?"

"मंग तू काय करशील, माय?" भागाबाई म्हणाली.

पुढच्या वर्षी साहेबाची परत रशियात बदली झाली. दुर्ग स्टेशनावर गाडी सुटताना वेराबाईनं खिडकीतून एक हात कानावर ठेवला आणि डोळे मिटले. गाडी वळणाआड होईपर्यंत उघडले नाहीत. भागाबाई फलाटावर उभी राहिली, दौलतरावला घरी आणणारी गाडी उशिरा यायची तेव्हा उभी राहायची तशी.

आणि मग तीन वर्षांनी पत्र आलं. रंगीत तिकिटांचं, आत फोटो. बर्फातल्या एका अंगणात बाकड्यावर सात म्हाताऱ्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, सगळ्यांचे डोळे मिटलेले, मध्ये वेराबाई. मागच्या बाजूला वेड्यावाकड्या देवनागरीत एकच शब्द: भागा.

बरं, आता माझं वरण करपायला नको, म्हणून सांगून टाकते. पत्र आलं नव्हतं. तेवढं माझं. सांगताना त्या ठिकाणी आलं की मला राहवत नाही, मी ते पत्र टाकतेच.

पोस्टमन लहानू सायकलवरून येताना लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून. भागाबाई त्याला पाणी द्यायची. मग भोंगा झाला की आत जाऊन बसायची, डोळे मिटून, मनात काही न म्हणता. पाट मात्र दोन मांडायची.